जुनी जीप, फाटका सायलेन्सर आणि घरची माणसे

सायलेन्सर फाटला की गाडी भडभडते, शेजारी खिडकीतून डोकावतात आणि मालक ओशाळून म्हणतो, "करायचाच आहे, या आठवड्यात." बहुतेकांच्या लेखी सायलेन्सरची गोष्ट एवढ्यावरच संपते. पण फाटक्या सायलेन्सरमधून फक्त आवाज बाहेर पडतो का? जुन्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसणाऱ्या बायकामुलांसाठी हा प्रश्न जिवाशी निगडित आहे.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी माणूस स्थिरावला. आज पिढ्या उलटल्या, तरी अनेक घरांचे धागे विदर्भाशी जुळलेले आहेत. कोणाचे माहेर नागपूरला, कोणाची शेती भंडाऱ्याकडे. रायपूर ते नागपूर हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आतले. त्यामुळे लग्नकार्य असो की दिवाळी, गाडी काढली आणि निघाले, असे सहज घडते. गाडी जुनी जीप किंवा जिप्सी असेल, तर तयारीही ठरलेली. तेल-पाणी, हवा आणि ब्रेक पाहिले जातात. थंडीचे दिवस असले तर हूडचे पडदे घट्ट बांधले जातात. गाडीखाली वाकून सायलेन्सरकडे मात्र क्वचितच कोणी पाहते.

मग दोन तासांनी मागे बसलेल्या मुलीला मळमळते, आजीचे डोके जड होते. "गाडी लागली" असे म्हणून आवळ्याची सुपारी पुढे केली जाते. पुष्कळदा ती खरोखरच गाडी लागलेली असते. पण कधी कधी ते विषबाधेचे पहिले लक्षण असते. गाडी लागणे आणि धूर लागणे यांतला फरक ओळखता यावा आणि धूर लागण्याची वेळच येऊ नये, यासाठी सायलेन्सरची नीट ओळख हवी.

जीप म्हातारी, पण हौस ताजी

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यातल्या पेट्रोल जीप, पुढे प्यूजो बनावटीच्या डिझेल इंजिनाच्या जीप आणि १९८५ मध्ये आलेली मारुतीची जिप्सी, या गाड्यांनी कच्च्या रस्त्यांवर अनेक दशके काढली. जिप्सीचे उत्पादन २०१९ पर्यंत चालले. आज या गाड्या हौसेने जपल्या जातात. शेतावर जायला, बारनवापारा अभयारण्याच्या बाजूला फिरायला किंवा नुसते रविवारी बाहेर काढायला त्या उपयोगी पडतात.

मात्र या गाड्यांची रचना आजच्या बंद मोटारीसारखी नसते. खालच्या पत्र्याला जोड असतात, गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले असते, मागचा दरवाजा किंवा पडदा पूर्ण बसत नाही. शिवाय खडकाळ वाटेवर दगड थेट पाइपला लागतात. म्हणजे धूर गळायलाही जागा आणि आत शिरायलाही जागा. म्हणूनच नव्या मोटारीपेक्षा जुन्या जीपमध्ये धुराच्या मार्गाची काळजी अधिक घ्यावी लागते.

विषाचा हिशेब

पेट्रोल अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणेही नाही. श्वासावाटे तो रक्तात गेला की हिमोग्लोबिनला चिकटतो आणि त्याची ही चिकटण्याची ताकद प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते. रक्त फिरत राहते, पण त्यातून प्राणवायू पोचत नाही. लहान मुले वेगाने श्वास घेतात म्हणून त्यांना बाधा लवकर होते. गर्भवती स्त्री असेल तर तिच्या पोटातील बाळाला धोका आणखी जास्त, कारण बाळाच्या रक्ताला हा वायू अधिक घट्ट धरून ठेवतो.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब पाहू. जुन्या पेट्रोल चारचाकीला प्रदूषण तपासणीत धुरात ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड असण्याची मुभा आहे. ३ टक्के म्हणजे दहा लाख भागांत तीस हजार भाग. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने दहा लाखांत १,२०० भाग हे प्रमाण जीव आणि प्रकृती यांना तत्काळ धोकादायक ठरवले आहे. म्हणजे 'पास' झालेल्या गाडीचा धूर पंचवीसपट हवेत मिसळला, तरी ती हवा धोकादायकच राहते. पाइपला पडलेले बोटभर भोक किती महत्त्वाचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

डिझेल इंजिनात हवा भरपूर असल्याने हा वायू बराच कमी तयार होतो. पण म्हणून डिझेलची जीप निर्धास्त मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. शिवाय त्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो.

पुढे जाणाऱ्या गाडीत धूर मागून कसा येतो?

अनेकांना वाटते की गाडी पुढे धावते आहे, म्हणजे धूर मागेच राहणार. प्रत्यक्षात धावणाऱ्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथे भोवरा तयार होतो. धूर त्या भोवऱ्यात घुटमळतो. मागचा पडदा उघडा आणि पुढच्या काचा बंद असतील, तर तोच धूर आत ओढला जातो. म्हणून मागचा पडदा उघडा ठेवायचा असेल तर पुढच्या खिडक्याही उघड्या हव्यात, म्हणजे हवा पुढून येऊन मागे जाईल. पुढचे बंद ठेवायचे असेल तर मागचेही नीट बंद करावे.

यासाठीच पाइपचे शेवटचे टोक, म्हणजे टेलपाइप, बॉडीच्या कडेच्या थोडे बाहेर आलेले असावे. पुष्कळ जुन्या जीपमध्ये ते सडून गळून पडते आणि धूर गाडीच्या पोटाखालीच सुटू लागतो. गाडी तशीच चालते, आवाजही फार वाढत नाही. त्यामुळे महिनोन् महिने कोणाचे तिकडे लक्ष जात नाही.

इंजिनापासून टेलपाइपपर्यंत

ही सगळी यंत्रणा समजायला अवघड नाही. इंजिनाला चिकटलेला बिडाचा जाड भाग म्हणजे मॅनिफोल्ड. तिथे सर्व सिलिंडरचा धूर एकत्र येतो. त्याला फ्लँजने पुढचा पाइप जोडलेला असतो आणि मधे गॅस्केट असते, ज्याला कारागीर पॅकिंग म्हणतात. त्यापुढे सायलेन्सरचा डबा. त्याच्या आत छिद्रांच्या नळ्या आणि कप्पे असतात. धुराचे धक्के त्या कप्प्यांत आपटून, फिरून शांत होतात. शेवटी टेलपाइप. हे सारे चासीला क्लॅम्पने आणि रबराने टांगलेले असते.

टांगणीचे रबर क्षुल्लक दिसते, पण त्याचे काम मोठे आहे. इंजिन आपल्या माउंटिंगवर सतत हलत असते. चासीची हालचाल वेगळी असते. पाइप या दोघांना जोडतो. रबर तुटल्यावर तारेने करकचून बांधले, तर तो ताण थेट फ्लँजवर आणि मॅनिफोल्डवर जातो आणि तिथे तडा पडतो. म्हणजे थोडक्या पैशांचे रबर वाचवायला जावे आणि महागाचे बीड गमवावे!

नंतरच्या पेट्रोल जिप्सीत पुढच्या पाइपनंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा आणखी एक डबा असतो. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो बंधनकारक झाला. त्यातल्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा थर असतो आणि तिथे विषारी वायूंचे बऱ्याच अंशी निर्विष वायूंत रूपांतर होते. "हा काढून टाका, गाडी हलकी पळेल," असा सल्ला मिळाला तर तो मानू नये. कन्व्हर्टर काढला की धुरातले विष अनेक पटींनी वाढते.

गंज आतून लागतो

सायलेन्सर बाहेरच्या पावसाने सडतो, हा समज अर्धाच खरा आहे. एक लिटर पेट्रोल किंवा डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. पाइप पुरता तापलेला असेल तर ही वाफ बाहेर निघून जाते. तो थंड असेल तर तिचे पाणी होऊन ते सायलेन्सरच्या तळाशी साठते. इंधनातील गंधकाचा अंश त्यात मिसळला की सौम्य आम्ल तयार होते आणि ते पत्रा आतून खात राहते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या इंधनात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांपर्यंत खाली आले आहे. त्याआधीच्या इंधनात ते कितीतरी अधिक होते. जुन्या जीपचा सायलेन्सर जुनाच असेल, तर त्याने ते दिवस सोसलेले आहेत.

यातून एक गंमतीची गोष्ट निघते. जी जीप चौबे कॉलोनीतून फक्त बाजारापर्यंत जाते आणि दहा मिनिटांत परत येऊन उभी राहते, तिचा सायलेन्सर लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या जीपपेक्षा लवकर सडतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर रोज दोन मिनिटे चालू करून बंद करणे हा उपकार नसून अपकार आहे. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवावी, म्हणजे आतले पाणी सुकते. बऱ्याच सायलेन्सरच्या तळाला कारखान्यातूनच एक बारीक छिद्र दिलेले असते. ते पाणी निघून जाण्यासाठी असते. गळती समजून ते वेल्डिंगने बुजवू नये.

महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटे

ही तपासणी घरातील कोणीही करू शकते. अट एकच. गाडी पूर्ण थंड हवी आणि सपाट जागी, चाकांना उटी लावून उभी हवी.

● कान : सकाळी थंड इंजिन सुरू करताना बॉनेटजवळ उभे राहावे. 'टक टक टक' असा आवाज येत असेल आणि गाडी तापल्यावर तो कमी होत असेल, तर बहुधा मॅनिफोल्डचे पॅकिंग गेले आहे. ताप लागल्यावर धातू फुगतो आणि फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. धोका मात्र टळलेला नसतो, कारण फट कायम असते.

● डोळे : बॅटरी घेऊन खाली पाहावे. जोडाजवळ काजळीची काळी रेघ दिसली की तिथून धूर गळतो आहे असे समजावे. रबरे चिरली आहेत का, क्लॅम्प सैल आहेत का, पाइप ब्रेकच्या नळीला किंवा डिझेलच्या नळीला टेकला आहे का, हेही पाहावे.

● हात : माठ विकत घेताना तो जसा वाजवून पाहतात, तसा सायलेन्सर लहान हातोडीने हलकेच वाजवून पाहावा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा गंजाचे पापुद्रे पडले, तर आतून सडला आहे. आत काही खडखडत असेल तर कप्प्याचा पत्रा सुटला आहे.

● साबणाचे पाणी : घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची हवा बाहेर फेकणारी बाजू इंजिन बंद असताना टेलपाइपला लावावी आणि जोडांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. जिथे बुडबुडे उठतील तिथे गळती. सायकलची पंक्चर काढतात, तसाच हा प्रकार.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या टेलपाइपमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असू शकते. सुरू करण्यापूर्वी तिथेही एक नजर टाकावी. आणि इंजिन चालू करून पाहायचे असेल तर गाडी अंगणात काढावी. बंद गॅरेजमध्ये किंवा झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखालच्या पोर्चमध्ये ती चालू ठेवू नये.

ठिगळ की नवा?

पाइपचा पत्रा चांगला आहे आणि एखादाच जोड सुटला आहे, तर वेल्डिंग करून घ्यायला हरकत नाही. पण गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ टिकत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पातळ पत्राही जळतो आणि महिनाभरात ठिगळाच्या कडेला नवे भोक पडते. स्क्रू ड्रायव्हरने दाबल्यावर पत्रा आत गेला तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. बाजारात मिळणारी लांबी आणि पट्ट्या या वाटेत गाडी घरी आणण्यापुरत्याच असतात.

काही ठिकाणी नळाचा जीआय पाइप वाकवून सायलेन्सरला जोडतात. हे टाळलेले बरे. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंग करताना धूर होऊन उडतो. तो धूर छातीत गेला तर कारागिराला तापही येऊ शकतो. जोडही नीट बसत नाही आणि पाइपचे वजन टांगणीवर पडते ते वेगळेच.

नवा सायलेन्सर घेताना तो आपल्याच मॉडेलचा आणि इंजिनाचा घ्यावा. जुन्या पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलेले असेल, तर ते दुकानदाराला आवर्जून सांगावे. पाइपचा व्यास मुळापेक्षा लहान झाला तर धूर कोंडतो, गाडी चढावर दमते आणि तापते. नुसता सरळ नळा लावल्याने साध्या जुन्या इंजिनाला वेग येत नाही, फक्त आवाज येतो. साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा अॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा अधिक टिकतो आणि स्टेनलेस स्टीलचा त्याहूनही अधिक. त्याची किंमत जास्त असते, पण गाडी कमी फिरत असेल आणि आयुष्यभर ठेवायची असेल, तर तो खर्च वसूल होतो.

बदलताना घ्यायची काळजी

काम कारागीर करणार असला, तरी मालकाला क्रम ठाऊक असावा.

आदल्या रात्री सर्व नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. मॅनिफोल्डचे स्टड वर्षानुवर्षे तापून ठिसूळ झालेले असतात. जोर लावला की तुटतात आणि मग बीड खोलून ड्रिल मारावे लागते. नट प्रथम किंचित आवळून, मग सोडवावा. तरीही हलला नाही तर कारागिराकडून नटाला गॅसच्या ज्योतीचा ताप देऊन घ्यावा. पण त्याआधी आजूबाजूला सांडलेले तेल आणि इंधनाच्या नळ्या यांची व्यवस्था करावी. विलिस घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, हे विसरू नये. विजेचे वेल्डिंग गाडीवरच करायचे असेल, तर आधी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. शक्यतो पाइप उतरवून बाहेरच वेल्डिंग करावे.

गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली कोणीही जाऊ नये. भक्कम स्टँड लावावेत. गंज डोळ्यांत पडतो, म्हणून चष्मा हवा. फार जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नये. पाण्याने भिजवून, तोंडावर चांगला मास्क लावून काढावे आणि पिशवीत बांधून टाकावे.

नवीन पाइप बसवताना पॅकिंग नवेच घ्यावे. जुने उलटवून पुन्हा लावण्याची काटकसर अंगाशी येते. मॅनिफोल्डच्या स्टडना पितळी नट लावले तर पुढच्या वेळी ते सहज निघतात. आधी पुढून मागेपर्यंत सर्व भाग सैल जोडून घ्यावेत, पाइप सरळ करून घ्यावा आणि मगच पुढून मागे क्रमाने आवळावेत. एकेक जोड आधीच आवळत गेले तर शेवटी पाइप वाकडा बसतो आणि सतत ताणात राहतो.

जीपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खड्ड्यात अॅक्सल वर येतो आणि प्रॉपेलर शाफ्ट आपली जागा बदलतो. उभ्या गाडीत मोकळा दिसणारा पाइप वाटेत त्यांना घासू शकतो. म्हणून सगळीकडे निदान इंचभर मोकळी जागा ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धुराचा पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये, आणि धूर खाली किंवा डाव्या बाजूला न जाता मागे किंवा उजवीकडे सुटला पाहिजे. डावीकडे पायी चालणारी माणसे असतात, हे त्यामागचे साधे कारण. काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी फिरली की, ती थंड झाल्यावर सर्व नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

पावसाळा आणि जंगल

रायपूरला वर्षाकाठी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. ओढ्यातून जीप घालण्याची वेळ येते. तापलेल्या बिडावर एकदम थंड पाणी बसले तर त्याला तडा जाऊ शकतो. म्हणून थोडे थांबून, गाडी निवू देऊन, मग सावकाश पाण्यात घालावी. टेलपाइप बुडणार असेल तर मधे अॅक्सिलरेटर सोडू नये. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. आधी बाहेर ओढून काढावी. चिखलातून आल्यावर पाइप आणि सायलेन्सरवरचा चिखल धुऊन टाकावा. चिखलाचा लेप ओल धरून ठेवतो.

उन्हाळ्यात धोका उलट बाजूने येतो. चालून आलेल्या गाडीचा पाइप कित्येकशे अंशांपर्यंत तापलेला असतो आणि कन्व्हर्टर त्याहून अधिक. फाल्गुन-चैत्रात जंगल वाळलेले असते. अशा वेळी गाडी वाळक्या गवतावर किंवा पाचोळ्यावर उभी करू नये. पाइपला अडकलेले गवत, प्लास्टिकची पिशवी किंवा चिंधी दिसली तर गाडी निवल्यावर काढून टाकावी. मूळचे उष्णतारोधक पत्रे खडखडतात म्हणून कोणी काढून टाकले असतील, तर ते पुन्हा बसवावेत.

कायदा काय म्हणतो?

प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, असे नियम सांगतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराची मानके मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लायसन्सही तीन महिने रद्दबातल होते. परवानगी नसलेले बदल गाडीत करणाऱ्या मालकाला वेगळी शिक्षा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी सायलेन्सरही पाहिला जातो.

पीयूसीचा कागद हातात आहे म्हणून निश्चिंत राहू नये. ती चाचणी टेलपाइपच्या टोकाशी होते. वाटेत भोक असेल तर काही धूर आधीच गळतो, भोकातून बाहेरची हवाही मिसळते आणि यंत्रावरचा आकडा उलट चांगला दिसू शकतो. धुराची गळती पीयूसीत सापडत नाही. ती घरच्या तपासणीतच सापडते.

गाडी लागली की धूर लागला?

गाडी लागण्याचा त्रास साधारणपणे घाटात, वळणावर होतो आणि एक-दोघांनाच होतो. सरळ, सपाट रस्त्यावर एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागले, मळमळले, गळून गेल्यासारखे झाले किंवा मुले न बोलता पेंगू लागली, तर धुराचा संशय घ्यावा. खाली उतरून मोकळ्या हवेत बरे वाटले आणि पुन्हा गाडीत बसल्यावर तोच त्रास सुरू झाला, तर शंकेला जागाच नाही. गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवून गाडीपासून दूर मोकळ्या हवेत न्यावे. कोणी गोंधळल्यासारखे बोलत असेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि "गाडीच्या धुराचा संशय आहे" असे स्पष्ट सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा कमी व्हायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिला तर हेच काम सुमारे दीड तासात होते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. ते यंत्र या वायूने माखलेले रक्तही प्राणवायूचे समजते आणि आकडा चांगला दाखवते.

चालक पुढे, उघड्या खिडकीपाशी बसतो. त्याचे लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे असते. धूर सर्वांत आधी पोचतो तो मागच्या बाकावर, जिथे बहुधा मुले आणि म्हातारी माणसे बसलेली असतात. तेव्हा मागून कोणी "डोकं जड झालंय" म्हणाले, तर चालकाने आधी गाडी बाजूला घ्यावी आणि मग सुपारी शोधावी.